शहराचं नाव बदललं, मग जुन्या लिंकचं काय? तुम्ही अपलोड केलेली फाइल वेबसाइट कुठे आणि कोणत्या नावाने ठेवते

ऑक्टोबर २०२५ मध्ये औरंगाबाद रेल्वे स्टेशनचं नाव अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर झालं. फलक बदलले, आणि त्यासोबत आणखी एक छोटी गोष्ट बदलली. तिकीट काढताना या स्टेशनसाठी 'एडब्ल्यूबी' हा कोड टाकला जायचा. तो गेला आणि त्याच्या जागी 'सीपीएसएन' आला.

याच शहराच्या चिकलठाणा विमानतळाचा कोड आहे 'आयएक्सयू'. शहराचं नाव बदललं तरी तो तसाच राहिला. शहराचा पिनकोड ४३१००१ होता, आजही तोच आहे. फोनचा एसटीडी कोड ०२४० होता, तोच आहे. गाड्यांवरचं एमएच २० देखील जागचं हललं नाही.

असं का? कारण सोपं आहे. एडब्ल्यूबी या अक्षरांना जुन्या नावाचा वास होता. आयएक्सयू, ४३१००१ किंवा २० यांना शहराच्या नावाशी फारसं देणंघेणं नाही. त्या नुसत्या खुणा आहेत. नाव बदललं की नावावरून बनवलेली खूण जुनी होते. नावाशी संबंध नसलेली खूण टिकते.

आता तुम्ही म्हणाल, याचा अपलोड केलेल्या फाइलशी काय संबंध? तर ज्या कुठल्या वेबसाइटवर लोक फोटो, दाखले, पीडीएफ टाकतात, ती वेबसाइट बनवणाऱ्याला अगदी हाच निर्णय घ्यावा लागतो. आलेल्या फाइलला नाव काय द्यायचं? ती कुठल्या फोल्डरमध्ये ठेवायची? हा निर्णय चुकला की पाच वर्षांनी लिंक उघडत नाही, एकाचा दाखला दुसऱ्याच्या अर्जाला चिकटतो, किंवा तुमचं आधार कार्ड भलत्याच माणसाला दिसतं.

अपलोडचं बटण दाबल्यावर काय होतं?

समजा, गारखेड्यातल्या एका मुलीने शिष्यवृत्तीच्या अर्जासोबत उत्पन्नाचा दाखला जोडला. फाइल तिच्या व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून आली होती, त्यामुळे तिचं नाव आहे 'आयएमजी-२०२५०७१४-डब्ल्यूए०००३'. यातले मधले आकडे म्हणजे तारीख, डब्ल्यूए म्हणजे व्हॉट्सॲप आणि शेवटचा आकडा म्हणजे त्या दिवसाचा क्रमांक. तिने बटण दाबलं.

ब्राउझर तीन गोष्टी पाठवतो: फाइलमधला मजकूर, फाइलचं नाव आणि फाइलचा प्रकार. सर्व्हरवर ती आधी एका तात्पुरत्या जागी, कुठल्यातरी ऐनवेळच्या नावाने पडते. रेल्वे पार्सल ऑफिसात सामान आल्यावर ते आधी फलाटावरच ठेवतात, तसं. मग वेबसाइटचा प्रोग्राम ठरवतो की हे पार्सल कुठल्या कपाटात, कुठल्या नावाने ठेवायचं. आणि तिसरं काम म्हणजे डेटाबेस नावाच्या नोंदवहीत एक ओळ लिहायची: अमुक अर्ज, अमुक दाखला, फाइल अमुक ठिकाणी.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. फाइलला दोन नावं असू शकतात. एक माणसासाठी, म्हणजे 'उत्पन्नाचा दाखला'. दुसरं यंत्रासाठी, ज्या नावाने ती डिस्कवर प्रत्यक्ष पडलेली आहे. ही दोन्ही एकच असली पाहिजेत असा कुठलाही नियम नाही. बहुतेक घोळ होतो तो ती एकच ठेवल्यामुळे.

एकाच नावाच्या दोन फाइली आल्या तर?

ही सगळ्यात जुनी अडचण. एका दिवशी हजार जण अर्ज करतात. त्यातल्या शंभर जणांच्या फाइलचं नाव 'स्कॅन' असतं, पन्नास जणांचं 'आधार'. व्हॉट्सॲपवरून आलेले फोटो तर तारीख आणि क्रमांक एवढ्यावरच ओळखले जातात, त्यामुळे त्या दिवशी तिसरा फोटो आलेल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये अगदी त्याच नावाची फाइल असते. प्रोग्रामने आलेलं नाव जसंच्या तसं ठेवलं, तर दुसरी फाइल पहिलीच्या डोक्यावर जाऊन बसते. पहिली पुसली जाते. नोंदवहीत मात्र दोन्ही अर्जांसमोर तेच नाव असतं. म्हणजे गारखेड्यातल्या मुलीच्या अर्जात आता सिडकोतल्या मुलाचा दाखला दिसतो, आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

तयार सॉफ्टवेअर यावर आपापला उपाय करतात. वर्डप्रेसवर, ज्यावर जगातल्या कितीतरी बातम्यांच्या साइट आणि ब्लॉग चालतात, तेच नाव पुन्हा आलं की मागे '-१', '-२' असा आकडा लागतो. शिवाय फाइल आधी वर्षाच्या आणि मग महिन्याच्या फोल्डरमध्ये जाते. त्यामुळे जुलैचा 'बॅनर' आणि ऑगस्टचा 'बॅनर' एकमेकांच्या वाटेला जात नाहीत.

एक-दोन-तीन असे आकडे लावणं ऐकायला निरुपद्रवी वाटतं. पण त्यातही गोम आहे. जँगो नावाची एक लोकप्रिय प्रणाली आहे, पायथन भाषेत वेबसाइट बनवणारे ती वापरतात. तीही आधी असेच आकडे लावायची. नाव मोकळं आहे का हे पाहायला ती क्रमाने विचारत जायची: _१ आहे का? आहे. _२? तोही आहे. _३? कोणी खोडसाळपणे तेच नाव हजारो वेळा अपलोड केलं, तर प्रत्येक नव्या फाइलसाठी हजारो वेळा डिस्क तपासावी लागायची आणि साइट मंदावायची. ऑगस्ट २०१४ मध्ये जँगोने ही सुरक्षेची त्रुटी मानून पद्धत बदलली. तेव्हापासून नाव आधीच घेतलेलं असेल तर मागे सात अक्षरांचा यादृच्छिक, म्हणजे काहीही क्रम नसलेला तुकडा लागतो. दारोदार फिरून 'घर रिकामं आहे का' विचारत बसण्यापेक्षा हे बरं.

नावात अर्थ भरण्याचा मोह

दुसरी अडचण हळू चालते, पण जास्त नुकसान करते. फोल्डरचं नाव बघताच कळावं म्हणून वेबसाइट बनवणारे त्यात अर्थ भरतात. जिल्ह्याचं नाव, योजनेचं नाव, वर्ष, अधिकाऱ्याचं पद. पहिल्या दिवशी हे फार सोयीचं वाटतं.

आता या एका शहराचा इतिहास पाहा. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी इथे आपली राजधानी वसवली. त्याचा मुलगा फतेहखान याच्या काळात ते फतेहनगर झालं. १६५३ मध्ये औरंगजेब दख्खनचा सुभेदार म्हणून परत आला आणि औरंगाबाद हे नाव रुळलं. २९ जून २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने संभाजीनगर असं नाव ठरवलं. लगेच १६ जुलैला, सरकार बदलल्यावर, नव्या मंत्रिमंडळाने 'छत्रपती संभाजीनगर' असा सुधारित निर्णय घेतला. फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्राची मंजुरी आली. सप्टेंबर २०२३ मध्ये जिल्हा आणि महसुली विभागाचं नावही बदललं. रेल्वे स्टेशनचा नंबर लागला तो थेट २०२५ मध्ये.

म्हणजे सव्वातीन वर्षांत एकाच ठिकाणाची वेगवेगळी खाती वेगवेगळ्या दिवशी नव्या नावावर आली. शहरातल्या विद्यापीठाचा अनुभवही वेगळा नाही. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठाचं नाव दीर्घ आंदोलनानंतर १४ जानेवारी १९९४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ झालं. शेजारी उस्मानाबादचं धाराशिव आणि अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. नावं बदलतात. त्यामागची भावना कोणाला पटो वा न पटो, वेबसाइट बनवणाऱ्याने हे गृहीत धरलेलं बरं.

समजा, औरंगपुऱ्यातल्या एका क्लासने २०१५ साली वेबसाइट बनवली आणि सगळ्या नोट्स 'अपलोड / औरंगाबाद / दहावी' अशा फोल्डरमध्ये ठेवल्या. २०२३ मध्ये मालकांनी सांगितलं, नाव बदला. प्रोग्रामरने फोल्डरचं नाव बदललं. पाच मिनिटांचं काम. त्याच क्षणी गेल्या आठ वर्षांत विद्यार्थ्यांनी व्हॉट्सॲपवर, टेलिग्रामवर, फेसबुकवर टाकलेल्या सगळ्या लिंक मेल्या. शिवाय 'छत्रपती संभाजीनगर' रोमन लिपीत लिहायचं कसं? एक एच की दोन? संभाजी आणि नगर जोडून की तोडून? की नुसतं सीएसएन? तीन कर्मचाऱ्यांनी तीन प्रकारे लिहिलं आणि तीन फोल्डर तयार झाले.

वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच यावर एक टिपण लिहिलं होतं. चांगला वेब-पत्ता बदलत नाही, हा त्याचा विषय. पत्त्यात काय घालू नये याची त्यांनी जी यादी दिली, त्यात लेखकाचं नाव, विषय, दस्तऐवजाची सद्यस्थिती अशा गोष्टी आहेत. थोडक्यात, जे जे उद्या बदलू शकतं ते ते.

मग सरकारी वेबसाइट काय करतात?

इथे एक सुखद गोष्ट सापडते. देशभरातल्या जिल्ह्यांच्या सरकारी वेबसाइट राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या, म्हणजे एनआयसीच्या 'एसथ्रीवास' या एकाच प्रणालीवर चालतात. तिथली एखादी जाहिरात किंवा पीडीएफ उघडा आणि वर पत्त्याच्या पट्टीकडे नीट बघा. बहुतेक वेळा जिल्ह्याचं नाव तिथे दिसणारच नाही. फाइल एका वेगळ्याच सामाईक पत्त्यावर असते. त्यात 'एस३' या अक्षरांपुढे आकडे आणि अक्षरांची ३२ घरांची एक निरर्थक माळ, मग 'अपलोड्स', मग वर्ष, मग महिना आणि शेवटी फाइलचं नाव. हे नावही बहुधा तारखेचे आकडे आणि त्यापुढे एक छोटा क्रमांक एवढंच.

बघायला हे अगदी रुक्ष. पण जिल्ह्याच्या वेबसाइटचा जुना पत्ता 'औरंगाबाद डॉट गव्ह डॉट इन' असा होता. उद्या असा मुख्य पत्ता बदलला, तरी त्या ३२ घरांच्या माळेला बदलायचं काही कारण नाही. ती माळ म्हणजे त्या वेबसाइटचं आयएक्सयू आहे.

वर्ष-महिन्याचे फोल्डर करण्याचं आणखी एक कारण आहे. एकाच फोल्डरमध्ये लाखो फाइली कोंबल्या की शोधाशोध मंदावते, बॅकअप घेणं जिकिरीचं होतं. विकिमीडिया कॉमन्स, जिथे बीबी का मकबऱ्यापासून वेरूळच्या कैलास लेण्यापर्यंतचे फोटो ठेवलेले आहेत, तिथे वेगळी युक्ती आहे. फाइलच्या नावावर एक गणिती प्रक्रिया करून जी माळ निघते, तिचं पहिलं अक्षर हा एक फोल्डर आणि पहिली दोन अक्षरं हा त्याच्या आतला फोल्डर. त्यामुळे फोटो आपोआप २५६ कप्प्यांत जवळपास सारखे विभागले जातात. फेसबुकने २०१० मध्ये आपल्या साठवणीची माहिती प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांच्याकडे वेगवेगळ्या आकाराच्या प्रती धरून २६० अब्जांहून अधिक प्रतिमा होत्या. एवढ्या फाइली वेगवेगळ्या ठेवल्या तर नुसती फाइल कुठे आहे हे शोधण्यातच डिस्कचा वेळ जातो, म्हणून त्यांनी लाखो फोटो एकाच अवाढव्य फाइलमध्ये शिवून ठेवायला सुरुवात केली. आपल्याकडच्या क्लासच्या वेबसाइटला याची गरज पडणार नाही, हे उघड आहे.

शासन निर्णयाचा तो लांबलचक आकडा

नाव ठेवण्याची महाराष्ट्रातली सगळ्यात परिचित पद्धत मात्र दुसरीच आहे, आणि शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ती रोज फिरते. शासन निर्णय, म्हणजे जीआर. प्रत्येक जीआरच्या शेवटी एक ठराविक वाक्य असतं: हा निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध असून त्याचा संकेतांक अमुक असा आहे. पुढे १८ अंकी आकडा. संकेतस्थळावर पीडीएफ ठेवलेली असते तीही याच आकड्याच्या नावाने.

हा आकडा वाचता येतो. पहिले आठ अंक म्हणजे तारीख: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. संकेतांक २०१९०८०५ ने सुरू होत असेल तर तो ५ ऑगस्ट २०१९ रोजी तयार झाला. पुढचे सहा अंक म्हणजे तास, मिनिटं, सेकंद. अगदी शेवटचे दोन अंक विभागाचे. महसूल विभागाचे संकेतांक १९ ने संपतात, ग्रामविकासचे २० ने, शालेय शिक्षणचे २१ ने.

या रचनेत बरंच शहाणपण आहे. वर्ष आधी ठेवल्यामुळे फाइली नावानुसार लावल्या की आपोआप कालक्रमाने लागतात. सेकंदापर्यंत वेळ असल्यामुळे दोन निर्णयांचं नाव एकच होण्याची शक्यता फार कमी. आणि आत कुठेही योजनेचं किंवा जिल्ह्याचं नाव नाही. इन्स्टाग्रामने सुरुवातीच्या काळात फोटोंना क्रमांक देण्यासाठी जी पद्धत काढली, तिचा गाभाही असाच होता: आधी वेळ, मग तो फोटो कुठल्या विभागात ठेवला आहे त्याची खूण, मग एक चालू क्रमांक.

सगळ्यात मोठा फायदा असा की आकडा फाइलच्या नावातही आहे आणि कागदाच्या आतही. ग्रुपवर 'सुट्टीचा नवा जीआर' म्हणून एखादी पीडीएफ आली, तर शेवटच्या पानावरचा संकेतांक घ्या आणि शासन निर्णयांच्या संकेतस्थळावर तो टाकून शोधा. तिथे सापडला नाही, किंवा त्याच आकड्याखाली भलताच विषय निघाला, तर काय समजायचं ते समजा. पीडीएफला कोणी कुठलंही नाव देऊन पुढे पाठवली असली तरी ही तपासणी चालते.

उणीवही आहे. मोबाइलच्या डाउनलोड फोल्डरमध्ये असे वीस जीआर साठले की नुसता आकड्यांचा ढीग दिसतो. कुठला बदल्यांचा आणि कुठला वेतनश्रेणीचा, हे उघडल्याशिवाय कळत नाही.

मराठी नाव दिलं तर काय बिघडतं?

तत्त्वतः काहीच नाही. आजचे सगळे सर्व्हर देवनागरी नावं ठेवू शकतात. पण तीन ठिकाणी ठेच लागते.

पहिली ठेच लिंकची. मराठी नावाची लिंक व्हॉट्सॲपवर चिकटवली की टक्क्यांच्या खुणांची रांग उमटते, हे सगळ्यांनी पाहिलंय. देवनागरीतलं एक चिन्ह संगणकात तीन बाइट घेतं आणि लिंकमध्ये त्यातला प्रत्येक बाइट तीन अक्षरांनी लिहावा लागतो. 'छ' चं होतं '%ई०%ए४%९बी'. काना, मात्रा, अनुस्वार, पाय मोडण्याची खूण ही सगळी वेगळी चिन्हं. 'छत्रपती संभाजीनगर' एवढ्या दोन शब्दांची लिंकमध्ये १४७ अक्षरं होतात. ग्रुपवर अशी लिंक अर्धवट कापली जाते आणि मग 'सर, उघडत नाही' सुरू होतं.

दुसरी ठेच लांबीची. लिनक्सवर, आणि बहुतेक सर्व्हर लिनक्सवरच चालतात, फाइलच्या नावाची कमाल मर्यादा २५५ बाइट असते. रोमन लिपीत ती २५५ अक्षरं. देवनागरीत फक्त ८५ चिन्हं, काना-मात्रा धरून. सरकारी योजनेचं पूर्ण नाव आणि त्यापुढे 'लाभार्थ्यांची अंतिम यादी' लिहिलं की मर्यादा संपली. गंमत म्हणजे घरच्या विंडोज कॉम्प्युटरवर तेच नाव व्यवस्थित चालतं, कारण तिथे मोजण्याची पद्धत वेगळी आहे.

तिसरी ठेच खास मराठी आहे. 'शेतकऱ्यांची यादी' यातला 'ऱ्या' घ्या. तो टाइप करण्याचे निदान तीन मार्ग आहेत. एकात 'ऱ' हे एकच स्वतंत्र चिन्ह असतं. दुसऱ्यात साधा 'र' आणि त्याखाली नुक्ता. तिसऱ्यात 'र', पाय मोडण्याची खूण आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसू शकतात. संगणकाच्या लेखी मात्र ती तीन वेगळी नावं. ॲपलच्या जुन्या मॅक कॉम्प्युटरवर तर पहिल्या प्रकारे लिहिलेलं नाव फाइल साठवताना आपोआप दुसऱ्या प्रकारात मोडलं जायचं. म्हणून एका फोल्डरमध्ये 'शेतकऱ्यांची यादी' नावाच्या दोन फाइली शेजारी शेजारी दिसतात. एकीत जुनी यादी, एकीत नवी, आणि नोंदवही कुठलीकडे बोट दाखवतेय हे डोळ्यांना कळत नाही. पहिले दोन प्रकार एकरूप करण्याची युनिकोडमध्ये ठरलेली पद्धत आहे. तिसऱ्यासाठी प्रोग्रामरला वेगळा नियम लिहावा लागतो, आणि मराठी न वाचणाऱ्या प्रोग्रामरला हा प्रश्न आहे हेच माहीत नसतं.

नाव ओळखता आलं तर

आतापर्यंत फाइल हरवण्याची भीती होती. आता ती नको त्याला सापडण्याची. शिष्यवृत्तीच्या वेबसाइटने दाखल्यांना १००१, १००२, १००३ अशी नावं दिली, तर १००२ वाला विद्यार्थी लिंकमधला एक आकडा बदलून शेजाऱ्याचं उत्पन्न बघू शकतो. ही काल्पनिक भीती नाही. अमेरिकेतल्या 'फर्स्ट अमेरिकन' या मालमत्ता व्यवहारांशी संबंधित विमा कंपनीच्या वेबसाइटवर नेमकं हेच झालं. मे २०१९ मध्ये उघड झालं की लिंकमधला क्रमांक बदलत गेलं की कुणालाही, लॉगिन न करता, इतरांची कागदपत्रं दिसत होती. अशा फाइलींची संख्या सुमारे ८८ कोटी ५० लाख होती, २००३ पर्यंत मागे जाणारी.

म्हणून अशा कागदपत्रांना क्रमवार आकडे देत नाहीत, अंदाज करता येणार नाही अशी लांब यादृच्छिक माळ देतात. पण हे कुलूप नव्हे. माळ लांब असली तरी लिंक पुढे पाठवली की संपलं. खाजगी कागदासाठी प्रत्येक वेळी 'हे मागणारा कोण आहे' हे विचारणारा पहारा लागतोच, आणि फाइली सगळ्यांना उघड्या फोल्डरच्या बाहेर ठेवाव्या लागतात.

पाठवणाऱ्याने दिलेलं नाव आंधळेपणाने वापरण्यात आणखी एक धोका असतो. नावात दोन टिंबं आणि तिरकी रेघ घालून फाइल भलत्याच फोल्डरमध्ये घुसवण्याचा प्रयत्न होतो. किंवा फोटोच्या नावाखाली सर्व्हरवर चालू शकणारा प्रोग्राम पाठवला जातो. अनुभवी प्रोग्रामर आलेल्या नावाकडे नुसती माहिती म्हणून पाहतो. ते नोंदवहीत लिहून ठेवतो, डिस्कवरचं नाव स्वतः बनवतो, आणि फाइल खरंच फोटो आहे का हे आतला मजकूर उघडून तपासतो.

हे बदलता येतं का?

येतं, आणि वाटतं तितकं अवघड नाही. जँगोमध्ये फाइल कुठे ठेवायची हे सांगण्याच्या जागी एक छोटं फंक्शन लिहिता येतं. आलेलं नाव त्याला दिलं जातं आणि ते नवा पत्ता परत देतं. लाराव्हेलमध्ये काहीच सांगितलं नाही तर नाव आपोआप यादृच्छिक मिळतं, स्वतःचं हवं असेल तर वेगळी आज्ञा आहे. वर्डप्रेसमध्ये फोल्डर आणि नाव ठरवण्याच्या टप्प्यावर आपला नियम घुसवायची सोय आहे.

नव्या फाइलींचं असं भागतं. जुन्यांचं काय, हा खरा प्रश्न. औरंगपुऱ्यातल्या त्या क्लासकडे परत जाऊ. त्यांच्या प्रोग्रामरने फोल्डरचं नाव थेट बदलायला नको होतं. आधी फाइलींची नव्या ठिकाणी प्रत काढायची. संख्या आणि आकार जुळतात का ते पाहायचं. मग नोंदवहीतले पत्ते बदलायचे. मग जुन्या पत्त्यावर आलेल्या माणसाला नव्या पत्त्यावर नेऊन सोडणारी कायमची पाटी लावायची. घर बदलल्यावर पोस्टात अर्ज देतो ना, तसं. आणि जुना फोल्डर बरेच दिवस हात न लावता राहू द्यायचा. वर्डप्रेसवर एक काम वाढतं, कारण तिथे जुन्या लेखांच्या मजकुरात फोटोंच्या पूर्ण लिंक उमटलेल्या असतात. त्या शोधून बदलाव्या लागतात.

खरं तर फोल्डरच्या नावात 'औरंगाबाद' राहिलं असतं तरी नोट्स वाचणाऱ्या मुलांचं काही अडलं नसतं. पानावरचं शीर्षक बदललं की पुरेसं होतं. पण पत्त्यात नाव दिसतं म्हटल्यावर ते कुणाला तरी खुपणार आणि कुणीतरी बदलायला सांगणार, हेही तितकंच खरं.

राहता राहिला डाउनलोड फोल्डरमधला आकड्यांचा ढीग. त्यावरही उपाय आहे आणि तो फार कमी ठिकाणी वापरला जातो. सर्व्हर फाइल देताना ब्राउझरला सोबत एक चिठ्ठी देऊ शकतो: डिस्कवर हिचं नाव काहीही असो, तू ही 'शिक्षक बदली धोरण' या नावाने जतन कर. ही चिठ्ठी देवनागरीतही लिहिता येते आणि आजचे ब्राउझर ती पाळतात. कपाटात आकडा राहतो आणि हातात नाव येतं. उद्या ते नाव बदलायचं ठरलं, तर फक्त चिठ्ठीतली एक ओळ बदलावी लागते.